पाहुण्याचं बटण

१

ऑफिसात त्यांना सगळे उरलेसुरले काका म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. काकांना त्याचा राग नव्हता. "उरलंसुरलं खाऊनच माणूस पंचावन्नाचा होतो," असं ते म्हणत आणि चष्मा पुसायला घेत.

आता हे काम काय होतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ नको. लोक घरी टीव्हीवर काय बघतात ते मोजणारं हे ऑफिस. शहरातल्या हजारेक घरांत, घरच्यांना विचारूनच, टीव्हीपाशी एक काळा डबा ठेवलेला असे. पडद्यावर जे दिसेल त्याचा ठसा हा डबा दर काही सेकंदांनी घेई आणि ऑफिसकडे धाडी. ऑफिसात सगळ्या चॅनेलांचं रेकॉर्डिंग अखंड चालू. मशीन घरातला ठसा त्या रेकॉर्डिंगशी ताडून बघे आणि सांगे, हे घर, हे चॅनेल, जुळणी अमुक टक्के. शेवटच्या रकान्यात 'थेट' किंवा 'मागाहून', म्हणजे लागलं तेव्हाच बघितलं की साठवून नंतर. हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हजर.

मशीनला जे ओळखता येत नसे ते काकांच्या वाट्याला. पोरांचे व्हिडिओ गेम, कुठूनतरी आणलेले जुने सिनेमे, कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट. आठ सेकंदांचा तुकडा, काडेपेटीएवढा, करडा, बिनआवाजाचा. काका तो बघत आणि पुढे एक नंबर टाकत. घरगुती चित्रण असेल तर नऊ. एकदा नऊ टाकला की मशीन तो तुकडा लक्षात ठेवी आणि पुढच्या खेपेला आपणच ओळखी.

डब्याबरोबर घरात एक छोटा रिमोटही देत. माणशी एक बटण. टीव्हीपुढे बसलं की आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. बाहेरचं कोणी आलं तर हिरवं, पाहुण्याचं. लोक कसले दाबतात, चार दिवस हौस आणि मग विसरतात. एका घराला मात्र दोन वर्षांत कधी विसर पडला नाही. चव्वेचाळीसशे सतरा नंबरचं घर. एक नंबरचं बटण, साडेपाचला चालू, साडेसहाला बंद, घड्याळ लावून घ्यावं असं.

ते घर काकांच्या धाकट्या बहिणीचं होतं.

२

हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ऑफिसात घरांना नुसते नंबर असतात, नाव नाही, पत्ता नाही. पण दोन वर्षांपूर्वी काकांपुढे चव्वेचाळीसशे सतराचा एक तुकडा आला. स्टुलावर दहा-बारा वर्षांची मुलगी, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली. बाजूला वाकून आई तिची वेणी घालतेय. मग उजवीकडून एक कॉलेजातला पोरगा आत येतो, कॅमेऱ्याला जीभ दाखवतो आणि जातो. काकांनी तो तुकडा सहा वेळा बघितला. जीभ दाखवणारा तो पोरगा म्हणजे ते स्वतःच होते.

वडिलांनी कोणाकडून तरी कॅमेरा मागून आणला होता. सगळा वेळ ते धाकटीला म्हणत होते, "अगं, इकडे बघ की," आणि आई म्हणत होती, "मान हलवू नकोस." आईचं ऐकणारी पोर ती. शेवटी वेणी झाली आणि ती वळणार तोवर कॅसेट संपली. घरात त्यावरून किती दिवस हसणं चाललं होतं.

नियमाने काकांनी वर कळवायला हवं होतं. ऑफिसातल्या माणसाच्या नातलगाच्या घरात डबा चालत नाही, लगेच काढून नेतात. काकांनी कळवलं नाही. तीस वर्षं नाकासमोर चालणारा हा माणूस, त्याने मुकाट्याने नऊ नंबर टाकला आणि पुढचा तुकडा घेतला.

कारण भावाबहिणीचं बोलणं नव्हतं. अकरा वर्षं. आईच्या ऑपरेशनचा प्रश्न आला तेव्हा धाकटी नको म्हणत होती, आणि काकांनी सही केली. आई टेबलावरून परत आली नाही. दवाखान्याच्या जिन्यात, चार माणसांसमोर धाकटी म्हणाली, "तूच मारलंस तिला." काका म्हणाले, "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." जिभेला काय, हाड नसतं. दोघंही एकाच आईची, हट्टाला कोणी कमी नाही. धाकटीने लग्न केलं नव्हतं, ती आईच्याच घरात राहिली, कॅसेटही तिथेच. काका तो रस्ता टाळून जायला लागले.

आणि मग नशिबाने हा डबा. त्या दिवसापासून काकांना रोज सकाळी कळायचं, काल धाकटी किती वाजता बसली, काय बघितलं, जाहिराती लागल्या की कुठे गेली. साडेपाचची मालिका ती चुकवत नसे. काका चारला सुटत, पाचला घरी पोचत आणि साडेपाचला तीच मालिका लावून बसत.

"तुम्हाला कधीपासून हे सासूसुनांचं वेड लागलं?" बायको विचारायची.

"टाइमपास."

"मग जाहिरात लागली की ते बातम्यांवर कशाला उड्या मारता? बसा की एका जागी."

जाहिरातीत धाकटी बातम्या लावायची, म्हणून. बायकोला हे सांगता येत नव्हतं. ती मागून जाताना काकांच्या डोक्यावर टिचकी मारायची, "मागून चंद्र उगवलाय हो, रोज कलेकलेने वाढतोय." काका टक्कल चाचपत आणि पुन्हा टीव्हीत बघत. एका घरात बसून दोघांनी बघावं तसं वाटायचं त्यांना. लहानपणी धाकटी दर दोन मिनिटांनी वळून विचारायची, "दादा, पुढे काय होणार?" काकांना तेव्हाही माहीत नसायचं, तरी ते काहीतरी ठोकून द्यायचे.

हिरवं बटण त्या घरात दोन वर्षांत एकदाच दाबलं गेलं होतं. अर्ध्या तासासाठी. तारीख काकांच्या वाढदिवसाची होती.

३

धाकटी गेली त्याला तीन महिने झाले. हृदय थांबलं, सकाळी, बसल्या जागी. खालच्या मजल्यावरच्या मावसबहिणीने काकांना अकरा फोन केले, पण ऑफिसात मोबाइल दारातल्या कपाटात ठेवावे लागतात. नेमके त्या दिवशी काका जेवायलाही टेबलावरून उठले नाहीत. चारला सुटले तेव्हा फोन बघितला, धावतपळत गेले, तर सगळं आटोपून लोक परत फिरत होते. तोंड बघायला मिळालं नाही. अकरा वर्षांपूर्वी बोललेलं असं अक्षरशः खरं झालं, आणि ते खरं करायला दुसरं कोणी आलं नव्हतं.

डबा गप्प झाला. 'घर बंद' असा शेरा मारायचा असतो, तो काकांनी मारला नाही. रोज सकाळी चव्वेचाळीसशे सतरापुढची रिकामी ओळ बघायची आणि पुढे जायचं. रिकामी का होईना, ओळ होती.

त्या सोमवारी ओळ भरलेली होती.

एक नंबर, साडेपाचला चालू, साडेसहाला बंद. घरगुती चित्रण, जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

काकांच्या मनात पाल चुकचुकली, पण तिच्यावर लगेच झाडू उगारायला ते तयारच होते. मावसबहिणीकडे किल्ली आहे, तिने लावली असेल कॅसेट. आठवण येत असेल बिचारीला. त्यांनी तुकडा उघडला. स्टूल, पाठ, वेणी, आई. उजवीकडून जीभ. सगळं जिथल्या तिथे. तरीही काहीतरी खटकलं, आणि ते काय हे मात्र काकांना दिवसभर सापडलं नाही.

४

मंगळवारी जुळणी त्र्याण्णव. बुधवारी शहाऐंशी.

कॅसेट तीच असेल तर आकडा एखाददुसऱ्या टक्क्याने हलतो, रोज पाच-सात टक्के घसरत नाही. काकांनी डबे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला गाठलं. तो भिंतीला टेकून चहा पीत होता.

"जुनं साठलेलं असतं हो डब्यात," तो म्हणाला. "मध्येच लाइन मिळाली की ओकतो. आत बॅटरी असते. एवढं काय घेऊन बसलात?"

"पण टक्के का उतरतात?"

"कॅसेट झिजते की. माणूस झिजतो, कॅसेट का नाही झिजणार?"

हे पटण्यासारखं होतं. काका परत टेबलाशी आले आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा तुकडा व कालचा तुकडा शेजारी शेजारी लावून थांबवले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

जुन्यात मुलीची नुसती पाठ होती. कालच्यात तिचा उजवा कान दिसत होता.

झिजलेल्या कॅसेटमध्ये कान कुठून येतो? काकांनी सोमवारचा काढला, मंगळवारचा काढला. सोमवारी केसांची कड सरकली होती, मंगळवारी कानाची पाळी आली होती. खटकलं होतं ते हेच. धाकटी वळत होती. रोज थोडी थोडी, आईने मान हलवू नकोस म्हटल्यावर मुलं आईच्या नकळत वळतात तशी.

भीतीपेक्षा काकांना दुसरंच काहीतरी वाटलं. त्यांना मोजायचं होतं. सोमवारपासून एवढं, तर गाल कधी दिसेल, डोळा कधी?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइल काढून मावसबहिणीला फोन लावला.

"तू वर जाऊन कॅसेट लावतेस का गं?"

"मी? कशावर लावणार, दादा? टीव्ही तर मी दुसऱ्याच महिन्यात देऊन टाकला. लाइटही तोडलीय वरची. काय झालं? बरं आहे ना तुला?"

"बरं आहे," काका म्हणाले.

५

गुरुवारी सकाळी सत्याहत्तर. कान, गालाचं हाड आणि गालावर रुळणारी बट. आणखी एक गोष्ट. उजवीकडून कोणी आलंच नाही. काकांनी तुकडा पुन्हा पुन्हा लावला. ज्या जागी तो पोरगा येऊन जीभ दाखवायचा ती जागा रिकामी राहत होती, आणि आई वेणी सोडून तिकडे बघत होती.

अकराच्या सुमाराला मॅडम येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. मॅडम म्हणजे काकांच्या साहेब, वयाने त्यांच्या मुलीसारख्या, पण स्वभावाने मोकळ्या.

"काका, उद्या शुक्रवार. सत्तर टक्क्यांखाली गेलेली घरं आपण काढतोय, डबे परत मागवायचे. तुमचं ते चव्वेचाळीसशे सतरा काठावर आहे बघा."

"उद्या बघू."

"ओळखीचं आहे का कोणी?"

मॅडमनी सहज विचारलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची काकांची दोन वर्षांची सवय, तीच कामाला आली. "छे, हो," ते म्हणाले. मॅडम हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. काकांना कळलं की उद्या डबा जाणार आणि धाकटीचा अजून डोळासुद्धा दिसलेला नाही.

चारला सुटल्यावर ते घरी गेले नाहीत. अकरा वर्षं टाळलेल्या रस्त्याला लागले. मावसबहिणीने किल्ली दिली, चहा विचारला. काका दारातच म्हणाले, "एक सांग. दोन वर्षांत तिच्याकडे कधी कोणी पाहुणा आला होता? माझ्या वाढदिवसाला?"

"तिच्याकडे कोण येणार, दादा? आणि तुझ्या वाढदिवसाला तर ती दार लावून बसायची. खुर्ची मात्र दुसरी ओढायची, इकडे खाली आवाज यायचा. मी एकदा विचारलं, कोण आलंय? म्हणाली, कोणी नाही, बसायला असू दे."

काका जिना चढले. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं की आत्ता परत फिरावं, आणि प्रत्येक पायरीवर ते चढत होते.

खोली झाडून लख्ख केलेली होती. भिंतीवर टीव्हीच्या जागी एक फिकट चौकोन. त्याच्याखाली फळीवर काळा डबा, त्याची वायर गुंडाळून रबर लावलेली. जोडलेलं कशालाच काही नव्हतं. समोर दोन खुर्च्या. एकीची गादी बसून बसून दबलेली, दुसरीची नव्यासारखी फुगीर. त्या खुर्चीच्या हातावर तो छोटा रिमोट.

काका फुगीर गादीवर बसले. साडेपाच वाजले. खालच्या मजल्यावर मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं, भिंतीतून नुसता ठेका ऐकू येत होता. चौकोन चौकोनच राहिला. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. आपण म्हातारे झालोय आणि डोकं फिरलंय, दुसरं काही नाही, असं काका स्वतःला समजावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"चुकलो गं," ते म्हणाले. "सही करायला नको होती, आणि ते बोलायला तर मुळीच नको होतं. एकदा तोंड दाखव. मग डबा नेऊ देत."

खोलीत काही हललं नाही. फक्त शेजारच्या खुर्चीची गादी, जी दबलेली होती ती, अजून थोडी दबल्यासारखी वाटली. काकांनी तिकडे मान वळवली नाही. का नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आईने सांगितल्यासारखे ते ताठ बसून राहिले आणि त्यांच्या अंगठ्याने रिमोटवरचं हिरवं बटण दाबलं.

साडेसहाला ते उठले, कुलूप लावलं, किल्ली दिली आणि घरी आले.

६

शुक्रवारी सकाळी जेवणाचा डबा भरताना बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

"काल आलात कधी तुम्ही?"

"साडेसातला. तूच दार उघडलंस की."

"उघडलं खरं." तिने झाकण लावलं. "पण घरात कोणी आलंय असं वाटलंच नाही बघा. जेवलात, झोपलात, तरी मला आपलं वाटतंय, अजून यायचेत."

काकांनी डबा पिशवीत टाकला. त्यांनाही तसंच वाटत होतं.

ऑफिसात त्यांनी मोबाइल कपाटात ठेवला, टेबलाशी बसले आणि चव्वेचाळीसशे सतराची ओळ उघडली. जुळणी एकसष्ट. म्हणजे यादीत गेलं. घरगुती चित्रणाच्या ओळीत शेवटचा रकाना कधीच भरत नाही, मशीन तो मोकळा सोडतं. आज तिथे लिहिलेलं होतं, 'थेट'.

त्यांनी तुकडा उघडला.

आई वेणी घालायची थांबली होती, हात खाली सोडून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. स्टुलावर धाकटी पूर्ण वळली होती. तिचे गुडघे दिसत होते, मांडीवरचे हात दिसत होते, झालेली वेणी पुढे घेतलेली दिसत होती. पण तोंड दिसत नव्हतं. तोंडाच्या आड एक डोकं होतं. कॅमेऱ्याकडे पाठ करून एक माणूस तिच्यासमोर बसला होता, अगदी जवळ, आणि ती त्याच्याकडे किंचित वाकून काहीतरी विचारत होती. माणसाच्या अंगात रेघारेघांचा शर्ट, एका बाजूने कॉलर दुमडलेली. डोक्याच्या मागे गोल, पांढरं टक्कल.

काकांनी ते टक्कल आजवर बघितलेलं नव्हतं, ते कोणालाच स्वतःचं दिसत नाही. पण कालचा शर्ट त्यांना ओळखू आला. त्यांचा हात आपोआप डोक्यामागे गेला. पडद्यावरच्या माणसाने हात हलवला नाही. त्याला कशाचीच गरज नव्हती. त्याला ते तोंड दिसत होतं.

आठ सेकंद संपले. काकांनी पुन्हा लावला. डावीकडे झुकून बघितलं, जणू झुकल्याने त्या माणसाच्या पलीकडचं दिसणार होतं. आयुष्यात त्यांना कोणाचा असा हेवा वाटला नव्हता.

मग त्यांची नजर बटणांच्या रकान्याकडे गेली. बटणं मागाहून येत नाहीत, त्या क्षणाची त्या क्षणी दिसतात. एक नंबर, चालू. पाहुणा, काल पाच सत्तेचाळीसला चालू. बंदची वेळ दोघांच्याही पुढे नव्हती. काकांना आठवलं, उठताना बटण पुन्हा दाबायचं असतं. तीस वर्षं याच ऑफिसात काढलेला माणूस, आणि नेमकं तेच विसरला होता.

मॅडम हातात यादी घेऊन आल्या. "काका, चव्वेचाळीसशे सतरा. एकसष्ट. बंद टाकू ना? दुपारी माणूस जाऊन डबा घेऊन येईल."

काकांनी तोंड उघडलं. एक हो म्हणायचा अवकाश, की सगळं मिटलं असतं. आपण या टेबलाशी बसलोय, चष्मा नाकावर आहे, चहा गार होतोय, हे त्यांना दिसत होतं. पण डबा उचलला तर त्या खुर्चीवरून कोण उठणार आणि कुठे जाणार, हे कोणाला विचारायचं? घरी तर ते अजून यायचे होते.

"नको, मॅडम," ते म्हणाले. "थांबा जरा. आत माणसं आहेत."